गारगोटीच्या बाजूनं

पारबताबाई,

परवा अहेरीला तुमची तेरवी झाली. पंगत उठली आणि तुमच्या चुलत्यांच्या ओसरीवर पानसुपारी फिरू लागली. वरोऱ्याकडचे कुणी पाहुणे होते, मी त्यांना ओळखत नव्हतो. सुपारी कातरत ते म्हणाले, "पोरगी हुशार होती, पण गोट्यांपायी जीव घालवला तिनं." चारपाच माना हलल्या. तुमच्या चुलत्यांनी तबक पुढे सरकवलं.

मी चारचौघांत पटकन बोलणारा माणूस नाही, हे तुम्हाला माझ्या आईपेक्षा जास्त माहीत आहे. त्या दिवशी मात्र बोललो. "गोट्यांपायी नाई. डासांपायी गेल्या त्या. गोट्यांपायी तर जगून राह्यल्या होत्या." एवढं म्हटलं आणि चपला घातल्या.

वाटेत फार समाधान वाटलं, आणि मग लाजही वाटली. कारण जे पाहुण्यांना सुनावलं, त्यापेक्षा मोठी गोष्ट मी तुम्हाला सांगायची ठेवली होती आणि तुम्ही असेपर्यंत सांगितली नाही. ती आता लिहून काढतो. तुम्ही मध्ये तोडणार नाही याचंच फार वाईट वाटतं.

तुम्ही आमच्या चांद्याच्या प्रयोगशाळेत आलात तेव्हा तिथं दोन खोल्या, एक धुराडं आणि मी, एवढंच होतं. नागपूरहून रसायनशास्त्राची एम.एस्सी. झालेली बाई येणार म्हणून साहेबांनी तुमच्यासाठी आवकजावकची नोंदवही काढून ठेवली होती. तुम्ही ती उघडली, एक पान वाचलं, बंद करून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "भाऊ, ताजवा कुठी हाये?" मी तराजूच्या काचपेटीकडे बोट दाखवलं. तुम्ही सरळ जाऊन त्याचा काटा तपासायला बसलात. नोंदवही पुढची सहा वर्षं मीच लिहिली.

मग राजधानी नागपुरातून गेली, आमचे कागद मुंबईकडे जाऊ लागले, आणि त्या घालमेलीत एक दिवस वरून पत्र आलं. एक समिती नेमली होती. परदेशात रेडिओतल्या काचेच्या नळीचं काम आता बोटाच्या पेराएवढी वस्तू करते, तिला ट्रान्झिस्टर म्हणतात. अतिशुद्ध पदार्थाच्या पातळ चकतीपासून ती बनते. आपल्या देशाला ती उद्या स्वतः बनवायची झाली तर चकती कशाची करावी, आणि त्या पदार्थाचा कच्चा माल तुमच्या जिल्ह्यात आहे काय? एवढा मोठा प्रश्न आमच्या त्या गळक्या कौलांखाली कधी आला नव्हता. तुम्ही ते पत्र उभ्यानं दोनदा वाचलंत.

नावं दोनच होती, जर्मेनियम आणि सिलिकॉन. माझं तर वाचतावाचताच ठरलं होतं. जर्मेनियम दगडी कोळशाच्या राखेत कुठं कुठं सापडतं, हे मी वाचलं होतं. माझा बाप पोरवयात वरोऱ्याच्या खाणीत कोळसा भरत असे. ती खाण बंद पडली तरी त्याच्या नखांतला काळा रंग मरेपर्यंत गेला नाही. त्या काळ्या धंद्याच्या राखेतून देशाच्या कामाचं काही निघणार असेल तर ते काढणारा मीच असावा, असं मनानं घेतलं. दोन महिने मी खाणींच्या भट्ट्यांमधली राख पोत्यांनी आणली, आम्लात उकळली, वाफ थंड पाण्यात धरली, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडून सोडून अख्ख्या कचेरीला नाक धरायला लावलं. शेवटी एका नळीच्या तळाशी पांढरा साका बसला. चिमूटभरही नव्हता. सगळ्यांत आधी तुम्हीच आलात पाहायला. नळी उजेडात धरलीत आणि म्हणालात, "देवरावभाऊ, हे काम तुमच्याशिवाय कोणाच्यानं झालं नसतं."

आणि नळी जागेवर ठेवताठेवता म्हणालात, "पण देशानं हे घेऊ नये."

मी त्या वेळी तुमच्यावर इतका चिडलो होतो की पाठ करून नळ्या धुवायला लागलो. तुम्हीच पुढे बोललात. जर्मेनियम उष्णता सोसत नाही, चकती तापली की तिच्यातून नको तेवढी वीज वाहू लागते आणि यंत्र बावचळतं; सिलिकॉन त्याहून कितीतरी जास्त तापमानाला टिकतं. मला हे सगळं ठाऊक होतं. मी माझ्या बाजूचं सांगितलं. जर्मेनियम कमी आचेवर वितळतं, शुद्ध करायला सोपं आहे, सगळं जग आज त्याच्याच चकत्या करतं. तुमचं सिलिकॉन वितळवायला जी आच लागते ती या मुलखात कुणी पाहिलेली नाही, आणि वितळलं की ज्या भांड्यात वितळवायचं ती मूसच खाऊन टाकतं. आपल्याजवळ तशी भट्टी कुठं आहे?

तुमचं उत्तर मला पाठ आहे. "भट्टी नाई तर बांधता येते, भाऊ. उन्हाळा हटवता येते का?"

चांद्याचा मे महिना मीही भोगला होता. पण माझ्याजवळ हट्ट होता. दोन वर्षं आपण भांडलो. जेवणाच्या सुट्टीत, कचेरीच्या ओट्यावर, एकदा तर जिल्हाधिकाऱ्यांच्या चहापानात, तुमच्या हातातली बशी तिरपी होऊन चहा सांडेपर्यंत. मी म्हणायचो, आज जमतं ते करावं. तुम्ही म्हणायचात, आज जमतं म्हणून उद्याच्या लोकांच्या गळ्यात चुकीची वस्तू बांधू नये. कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, शेतीच्या धुऱ्यावरून भाऊबहीण भांडून राह्यले.

तुम्हाला ते एवढं का लागलं होतं, ते मला एटापल्लीच्या वाटेवर कळलं. गारगोटीचे नमुने आणायला आपण निघालो होतो. वाळूतही सिलिकॉनच असतं, पण गारगोटी जास्त निर्मळ, म्हणून तुम्हाला गारगोटीच हवी होती. अहेरीपर्यंत सरकारी जीप, पुढे बैलगाडी. साग संपून बांबूचं रान लागलं आणि तुम्ही एकाएकी वडिलांबद्दल बोललात. ते जंगल खात्यात नाकेदार होते. एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि ते दोन मजुरांबरोबर आगीच्या चुकीच्या बाजूला अडकले. वाऱ्याची दिशा फिरल्याचं नाक्यावर माहीत होतं. पण निरोप घेऊन गेलेला माणूस पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. वडील वाचले, पाय भाजून जन्माचे अधू झाले. मजूर वाचले नाहीत. "निरोप होता, भाऊ," तुम्ही म्हणालात. "तार नव्हती. आता कोणी झोळीत मावणारं यंत्र बनवते अन् ते वणव्याजवळच मुकं होते, तर त्या यंत्राचं मी काय करू?"

त्या दिवशी मला तुमचं म्हणणं पटलं होतं, बाई. पटलं हे बोललो नाही, एवढंच.

गावात लालसू आपल्याला भेटला. तो तिथलाच माडिया, मराठी बरी बोलायचा, चकमकीसाठी गारगोटी कुठली चांगली हे त्याच्या बोटांना कळायचं. त्यानं नाल्याच्या पात्रातले पांढरेशुभ्र गोटे दाखवले आणि मग वरचा डोंगर दाखवला. त्याच्या कडेतून पांढरी धार खालपर्यंत उतरली होती. माझे डोळे फाटले. एवढी गारगोटी एका ठिकाणी मी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात गावचे गायता आले, म्हणजे गावचे मुख्य आणि पुजारीही. त्यांनी लालसूच्या तोंडून विचारलं, हे डोंगर नेणार आहेत काय? वर त्यांचा देव होता.

मी काहीतरी गोलमोल बोलणार होतो. सरकारी माणूस असाच बोलतो. तुम्ही मला बोलूच दिलं नाही. लालसूला म्हणालात, "त्यांना सांग, डोंगराले हात लागणार नाई. आमचं काम नाल्यातल्या गोट्यानं होते." गायतांनी हातातली काठी लालसूकडे दिली. मग स्वतः पाण्यात उतरून त्यांनी एक गोटा उचलून तुमच्या हातात दिला. परतताना मी म्हणालो, बाई, हा शब्द द्यायचा अधिकार आपल्याला नाही. तुम्ही म्हणालात, "मंग आपल्याले डोंगराबद्दल लिहायचा तरी अधिकार कोणी देला?" आणि पुढे समितीसाठी लिहिलेल्या तुमच्या टिपणात ते वाक्य घातलंतच: डोंगर फोडू नये, चकत्यांना लागणारी गारगोटी नदीनाल्यांत पुरेशी आहे.

आता त्या मे महिन्याचं सांगतो, कारण तो प्रसंग मला आठवला की आजही हसू येतं, आणि हसू आलं की तुमची आठवण जास्त येते. समितीचे एक सदस्य पाहणीला आले होते. त्यांच्याजवळ परदेशातून आणलेला ट्रान्झिस्टर रेडिओ होता, चामड्याच्या पिशवीतला. साहेब, मी, शिपाई, सगळे भोवती. गाणं स्वच्छ वाजत होतं. सदस्य म्हणाले, हे पाहा जर्मेनियम. तुम्ही अदबीनं तो तासाभरासाठी मागितलात. मला वाटलं, आतले भाग पाहायचे असतील. तुम्ही तो अंगणातल्या पत्र्यावर उन्हात ठेवलात, जवळ तापमापक ठेवलात, आणि डोक्यावर पदर घेऊन वही उघडून बाजूला उभ्या राहिलात.

आधी गाणाऱ्या बाईचा गळा बसला. मग ती घोगऱ्या आवाजात, तुटकतुटक गाऊ लागली. मग नुसती खरखर, आणि मग तीही नाही. सदस्यांचा चेहरा रेडिओपेक्षा जास्त तापला होता. त्यांनी तो सावलीत नेला, बराच वेळ ओल्या रुमालावर ठेवला, तेव्हा गाणं परत आलं. ते म्हणाले, रेडिओ काय उन्हात ठेवायची वस्तू आहे?

"मंग वावरातल्या माणसानं तो कुठी ठेवावा, साहेब?" तुम्ही विचारलंत. आवाज चढवला नाही. तापमापकाचा आकडा वहीत लिहिलात आणि वही त्यांच्यापुढे धरलीत, सही करायला. त्यांनी केली नाही.

बाई, तिथंच तुमच्या टिपणाचं काय होणार ते ठरलं. ही गोष्ट मला त्या अंगणात समजली होती.

पावसाळ्याआधी अहवाल तयार झाला. साहेबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. जिल्ह्याच्या कोळशाच्या राखेत जर्मेनियम आढळते, ते काढण्याची पद्धत प्रयोगशाळेने बसविली आहे, सबब देशाने जर्मेनियमच्या चकत्यांचा मार्ग स्वीकारावा. सिलिकॉनबद्दल दोन ओळी, अव्यवहार्य म्हणून. खाली दोन सह्यांची जागा, तुमची आणि माझी. तुम्ही वाचलात आणि म्हणालात, मले नाई पटत. वेगळं टिपण लिहून जोडलंत: उन्हातला प्रयोग, गारगोटीचे नमुने, डोंगराची ओळ, सगळं नऊ पानांत. त्यातलं एक वाक्य असं होतं की राखेतून जर्मेनियम काढण्याचं देवरावांचं काम उत्तम आहे आणि त्याचा मान त्यांना मिळावा, पण निवड वेगळी गोष्ट आहे. माझ्या विरोधात लिहितानाही तुम्ही माझा मान राखलात.

मी अहवालावर सही केली. साहेब म्हणाले, फाईल जाड होते. त्यांनी टाचणी काढली, तुमची नऊ पानं सोडवली आणि खणात टाकली. मी समोर उभा होतो. माझ्या तोंडून "साहेब" एवढं निघालं, आणि त्यांनी वर पाहिलं तेव्हा मी शाईची दौत सरकवून ठेवली, जणू तेच सांगायचं होतं.

तुम्हाला कळायला दोन दिवस लागले. तुम्ही सरळ माझ्या टेबलाशी आलात. "सही तुमचीच ना, भाऊ? कोणी हात धरून तर नाई घेतली?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, बरं. त्यानंतर महिनाभर आपण फक्त कामाचं बोललो. मला वाटायचं तुम्ही भांडावं. तुम्ही भांडण बंद केलंत, ही शिक्षा मला सोसली नाही. एक दिवस दुपारी तुम्ही तुमच्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्या ताटलीत वाढलीत आणि म्हणालात, जर्मेनियम थंड हवेत चांगलं असन, काश्मिरात पाठवून द्या. मी हसलो. माफीची वेळ तीच होती. मी भाजी खाल्ली.

पाऊस ओसरल्यावर तुम्ही पुन्हा एटापल्लीकडे गेलात, रजा काढून. साहेब म्हणाले होते, अहवाल गेला, आता कशाला? तुम्हाला आणखी निर्मळ गोटे हवे होते. आठ दिवसांनी लालसूनंच तुम्हाला बैलगाडीत घालून अहेरीच्या दवाखान्यात आणलं. हिवताप डोक्यात चढला होता. मी पोचलो तेव्हा ताप उतरता होता, तुम्ही शुद्धीवर होता, मला वाटलं निभावलं.

चांद्याहून अहेरीपर्यंत मी एकच वाक्य घोकत आलो होतो. मी सही केली ते चुकलं. एवढंच, पाच शब्दांचं. तुमच्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, रस्ता फार खराब झाला आहे.

तुम्ही विचारलंत, चौदा नंबरच्या नमुन्यात किती उरलं? गारगोटी आम्लात उडवून लावायची आणि मुशीत जे उरेल ती अशुद्धी. जितकं कमी उरेल तितका गोटा चांगला. मी सांगितलं, काटा हललाच नाही, काही उरलं नाही. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल.

"मंग ताजवा खराब असन," तुम्ही म्हणालात. "पुन्हा करा."

दुसऱ्या दिवशी ताप परत चढला. तुमच्या चुलत्यांनी तुमच्या तोंडात पाणी घातलं. लालसू बाहेर झाडाखाली बसला होता, तो आत आला नाही, आणि तीन दिवस गेलाही नाही.

चांद्याला परत आलो आणि तुम्ही सांगितलेलं काम केलं. चौदा नंबर तीनदा केला. ताजवा खरंच अडकत होता. थोडं लोह उरलं, फार थोडं. तुमचा संशय तुमच्याच बाजूच्या विरुद्ध होता, तरी तुम्ही तो धरलात. मी सहा वर्षं शेजारी बसून हे शिकलो नाही.

कचेरीत शोकसभा झाली. साहेब बोलले, बाई कष्टाळू होत्या, जरा हट्टी होत्या. मग शिपायाला म्हणाले की बाईंचं टेबल मोकळं करा, ते गोटे कंपाउंडात टाका. मी उभा राहिलो. म्हणालो, गोटे कुठंही जाणार नाहीत, ते नमुने आहेत, त्यांच्यावर नंबर आहेत. आणि बाईंचं टिपण तुमच्या खणात आहे, ते वर गेलं पाहिजे. अहवालावरची माझी सही मी मागे घेतो. साहेब म्हणाले, देवराव, आज तुम्ही दुःखात आहात. मी म्हणालो, हो, पण सही मागे घ्यायला दुःख लागत नाही.

त्यांनी पानं काढून दिली. वाईट माणूस नाही तो, फक्त फाईल पातळ ठेवणारा. पण अडचण काढलीच. मयत व्यक्तीचं टिपण कचेरीतून पाठवता येत नाही, सेवेत असलेल्या माणसाची सही लागते. त्यांना वाटलं प्रश्न मिटला.

अहेरीहून आल्यावर आज दुपारी मी ती नऊ पानं पुन्हा लिहून काढली. एक शब्द बदलला नाही. तुम्ही माझ्या कामाबद्दल लिहिलेलं वाक्य गाळावंसं वाटलं, तेही ठेवलं, कारण लिखाण तुमचं आहे. शेवटी चौदा नंबरची पुरवणी जोडली, लोहासकट. तुमच्या सहीचं मूळ शेवटचं पान तसंच जोडलं, त्या सहीखाली माझी सही केली आणि रजिस्टर पोस्टानं सरळ समितीला पाठवलं. साहेबांना एक प्रत दिली. त्यांनी वाचली नाही, वजन केल्यासारखी हातात तोलली आणि विचारलं, बदली झाली तर? मी म्हटलं, एटापल्लीकडे करा, तिकडचा रस्ता मला माहीत आहे.

यातून काय निघेल, मला माहीत नाही. समिती कदाचित जर्मेनियमच घेईल. सगळं जग घेतं आहे. कदाचित आपलं टिपण तिथल्याही एखाद्या खणात पडेल. पडू दे. आता ते काढून टाकायला दोन सह्या खोडाव्या लागतील, आणि त्यातला एक माणूस जिवंत आहे, चिडलेला आहे, आणि दर महिन्याला विचारणा करणारं पत्र लिहिणार आहे.

आणि एक सांगतो, बाई, नाहीतर तुम्हीच म्हणाल की भाऊ मेलेल्या माणसाशी गोड बोलून राह्यला. वितळलेलं सिलिकॉन मूस खातं, या माझ्या हरकतीला तुम्ही शेवटपर्यंत उत्तर दिलं नव्हतं. ती हरकत मी टिपणात घातलेली नाही, पण सोडलेलीही नाही. उद्या सकाळी गारगोटी कुटून तिचीच मूस करून पाहणार आहे; आपल्याच दगडाला सिलिकॉन कमी खाईल, असं वाटतं. जमली तर तुमचं खरं. नाही जमली तर तेही लिहून पाठवीन, तुमच्या नावासकट.

देवराव